उभी कर

पलटी झालेल्या गाडीतून माणूस बाहेर निघाला की पहिलं काय शोधतो, सांगा बरं? देव आठवतो, बायकापोरं आठवतात, असं म्हणाल. साफ चूक. तो चप्पल शोधतो. डोकं फुटलेलं, शर्ट रक्तानं भिजलेला, मागं कंटेनरवाले हॉर्न वाजवून जीव खातायत, आणि हा बाबा एका पायावर उभा राहून विचारतो, "माझी दुसरी चप्पल बघितली का कुणी?" आमचा सुदाम त्यावर हसायचा नाही. गाडीत डोकं घालायचा, चप्पल शोधून आणायचा, त्याच्या पायात घालायचा आणि मग त्याला कडेला बसवायचा. "चप्पल मिळाली की माणूस ऐकतो," असं सुदामचं शास्त्र होतं. खोटं नव्हतं ते.

मी हायड्रावाला. निघोज्याचा. मला सगळे आप्पा म्हणतात. हायड्रा म्हणजे ती पिवळी, लांब सोंडेची क्रेन, जिच्यामागं अडकून तुम्ही कामाला उशिरा पोचता आणि मनातल्या मनात शिव्या घालता. त्यातल्या पंचवीस वर्षांच्या शिव्या माझ्या. जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा गावात कुणी बंगला बांधला, कुणी जीप घेतली. मी हायड्रा घेतली. वडील तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "ह्या जनावराला चारा काय घालायचा?" डिझेलचा खर्च बघून पुढं मलाही तोच प्रश्न पडला. तरी नंतर आणखी दोन-तीन घेतल्या, त्यांवर ऑपरेटर ठेवले, गाड्या लावायला यार्ड केलं.

रोजचं काम कंपन्यांमधलं. ट्रकवरून मशीन उतरवायचं, शेडमध्ये नेऊन ठेवायचं. तिथं सेफ्टीवाले साहेब उभे, हेल्मेट, जाकीट, सगळं कसं शिस्तीत. पण आमच्या चाकणच्या पट्ट्यातला एकूण एक रस्ता कंटेनर, पिकअप, टँकर आणि कंपनीच्या बसगाड्यांनी भरलेला. त्यातलं काही ना काही आडवं व्हायचंच. मग फोन यायचा, "आप्पा, पलटी झालीय, या." त्या फोनला मी कधी नाही म्हटलं नाही. त्यात पुण्य किती आणि मिरवायची हौस किती, ते विचारू नका. "सरका, हायड्रा आली!" असं म्हणत गर्दी बाजूला होते तेव्हा छाती फुगतेच राव.

गाडी पलटी का होते, यात फार गूढ नाही. वळणावर वेग असतो, माल उंच भरलेला असतो. किंवा एक चाक डांबरावरून खाली मुरमात उतरतं आणि ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग गर्रकन ओढतो. संपलं. टँकरचं आमच्याकडं एक सूत्र होतं: भरलेला टँकर शहाणा, रिकामा टँकर शहाणा, अर्धा टँकर येडा. अर्ध्या टँकरातलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि टँकरलाही सोबत घेऊन जातं.

आणि आतल्या माणसाचं काय होतं? पलटीत गाडी एकदा पडते, माणूस चारदा पडतो. आधी दारावर, मग टपावर, मग दुसऱ्या दारावर, आणि मग कुठं ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. पट्टा लावलेला नसेल तर अर्धा खिडकीबाहेर जातो आणि गाडी त्याच्यावरच बसते. खिडकीत कोपर ठेवून ऐटीत गाडी चालवणारे असतात ना, त्यांचे हात मी पाहिलेत. ते इथं लिहीत नाही, दिवाळीचा अंक आहे. पण सगळ्यात फसवं दुखणं मानेचं आणि पाठीच्या कण्याचं. रक्त नाही, जखम नाही, माणूस बोलतोय, पाणी मागतोय. मग चार हौशी लोक येतात, हातपाय धरून त्याला पोत्यासारखा ओढतात, आणि तो जन्माचा अंथरुणाला खिळतो. म्हणून हात जोडून सांगतो, आग लागली नसेल तर ओढू नका, अँब्युलन्सची वाट बघा. आणि आत माणूस असताना "लावा रे हात, करा सरळ!" म्हणून गाडी ढकलायला जाऊ नका. आपल्या लोकांना मदत करायची म्हटलं की घाईच करायची असते.

हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवून पुढं वाचा.

आता सुदाम. सुदाम माझा सिग्नलमन. हायड्रा चालवणाऱ्याला हुकाखालचं धड दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही. खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करतो, त्यावर सगळं चालतं. अंगठा वर केला, उचल. तळहात खाली दाबला, सोड. मूठ मिटली, थांब. सुदामची मूठ मिटली की माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. मला अजून 'नाथा' म्हणणारा गावात तो एकटाच उरला होता. आधी तो भोसरीच्या एका कंपनीत मोटारींचं वाइंडिंग करायचा. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून मोजून त्याच्या बोटांना सबुरी आली होती. कंपनी बंद पडली तसा तो माझ्याकडं आला. त्यांच्या वस्तीतल्या माणसाला बरोबरीनं घेऊन जेवतो म्हणून आमच्या भावकीत काहींनी नाकं मुरडली. मी म्हटलं, "माझा जीव त्याच्या मुठीत असतो. तुमच्या कुणाच्या मुठीत द्यायची माझी तयारी न्हाई." तेव्हा बोललो खरं असं, आणि ऐटीत बोललो.

सुदामचं काम कसं होतं ते सांगतो. मारुंजीला एका सोसायटीत जनरेटर ठेवून परत येत होतो. सकाळचे दहा. पुढं एक नवीकोरी कार टपावर पडलेली, चाकं अजून फिरतायत. आत एक तरुण पट्ट्यात उलटा लटकलेला आणि कानात ते बिनवायरचं यंत्र घालून इंग्रजीत बोलतोय. सुदामनं वाकून विचारलं, "भाऊ, कुणाशी बोलताय?"

"मॅनेजरशी. एक मिनिट काका, मीटिंग चालू आहे."

तोवर गर्दी जमली होती. एकानं शहाळेवाल्याचा कोयता आणला आणि म्हणाला, "कापा पट्टा!" सुदामनं कोयता त्याच्या हातातून काढून घेतला. "पट्टा कापला की त्यो डोक्यावर पडंल. मान मोडंल त्याची. दम धरा जरा." मग स्वतः पाठीवर झोपून आत सरकला, त्या पोराच्या खांद्यांना खालून आपले खांदे लावले, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि मला म्हणाला, "आता काप, नाथा. हळू." पोराला खरचटलंही नाही. बाहेर आल्यावर मात्र हमसून हमसून रडला. रडून झाल्यावर म्हणाला, "काका, लॅपटॉप?" सुदामनं त्याला आधी निसटलेला बूट दिला, मग लॅपटॉप.

असले किस्से माझ्याकडं पोत्यानं आहेत. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या होत्या, "आप्पा, असेच चार द्या. थरारक आणि शेवट गोड." मी दोन लिहिले, घरी वाचून दाखवले, नातीनं टाळ्या वाजवल्या. आणि जेवायला बसलो तो अर्ध्या ताटावरून उठलो. कारण सगळ्या किश्शांमध्ये सुदाम होता, आणि त्या सुदामशी मी आठ वर्षं एक शब्द बोललो नव्हतो. का, ते न सांगता बाकीचं सांगणं ही लबाडी झाली असती.

आपल्या मराठीत दोन शब्द आहेत: उभी कर. बस पुढं जायला लागली आणि आत कुणी चढायचं राहिलं, की आपण ओरडतो, "गाडी उभी कर!" म्हणजे थांबव. आणि गाडी आडवी पडली असेल, तिला चाकांवर आणायचं असेल, तरी म्हणतो, "गाडी उभी कर." शब्द तेच, अर्थ उलटे. एकात थांबायचं आहे, एकात उचलायचं. आमच्या धंद्यात दोन्ही अर्थ रोज लागायचे, पण त्यानं कधी बिघडलं नाही, कारण आम्ही तोंडानं बोलतच नव्हतो. सगळं हातानं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळचे आठ वाजलेले. पहिली पाळी आत गेलेली, रात्रपाळी सुटून घरी निघालेली, म्हणजे रस्त्याला सगळ्यात जास्त गर्दी. निघोज्याहून महाळुंग्याकडं जाताना एक वळण आहे, त्याच्या कडेनं खोल चारी. तिथं एक पिकअप ड्रायव्हरच्या बाजूवर आडवी झाली होती. ड्रायव्हरचं नाव संतोष. मराठवाड्यातला, तिशीच्या आतला. पट्टा लावला नव्हता. कमरेपासून वरचा भाग खिडकीतून बाहेर, चारीच्या पोकळीत. कंबर खिडकीच्या चौकटीत अडकलेली. पाय आत केबिनमध्ये. चारी होती म्हणून वाचला, नाहीतर जागेवर चिरडला असता.

सुदाम पळत जाऊन चारीत उतरला आणि त्यानं संतोषचं डोकं आणि मान दोन्ही हातांनी धरून ठेवली. ते बरोबरच होतं. मी हायड्रा गाडीच्या तोंडाशी लावली आणि उचलायचा पट्टा गाडीला बांधला. पुढची काच फुटून गेली होती, त्यामुळं माझ्या सीटवरून केबिनच्या आतलं दिसत होतं. संतोषचा एक पाय उघडा होता, चप्पल कुठंतरी गेलेली. त्या पायाची बोटं हलत होती. मी पाहिलं. टाच सीटला घासून पाय ओढून घ्यायचा प्रयत्न करत होता तो. दुसरा पाय स्टिअरिंगखाली अडकलेला होता, तो मला दिसला नाही.

काय करायचं असतं, ते सांगतो. गाडी वीतभर उचलायची. तिथंच थांबायचं. खाली लाकडी ठोकळे सारायचे. मग ऑपरेटरनं स्वतः खाली उतरून डोळ्यांनी बघायचं, माणूस कुठं कुठं अडकलाय. तो बाहेर निघाला, स्ट्रेचरवर गेला, की मगच गाडी उभी करायची. आणि खुणा करणारा दिसत नसेल तर काहीच उचलायचं नाही. सुदाम चारीत होता, मला दिसत नव्हता. त्याचे दोन्ही हात संतोषच्या मानेला होते, म्हणजे खुणा करायला हातच मोकळे नव्हते. एवढं कळत असूनही मी उतरलो नाही. मागं दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा लागल्या होत्या, कंपनीच्या बसमधले लोक खिडकीतून ओरडत होते, "आप्पा, उरका की लवकर!" कुणी मोबाइलवर शूटिंग करत होतं. आणि मला वाटलं, माझी इतकी वर्षं, माझा हात, मला काय बघायचंय.

वीतभर उचलली. ठोकळे सारायला कुणाला सांगणार, तेवढ्यात चारीतून सुदामचा आवाज आला, "उभी कर! उभी कर, नाथा!"

मला वाटलं, माणूस निघाला. मी पिकअप उभी केली.

सुदाम म्हणत होता, हायड्रा उभी कर. थांबव. संतोषचा पाय स्टिअरिंगखाली अडकला होता आणि गाडी वर जाताना त्याला कमरेतून वाकवत सोबत घेऊन चालली होती. सुदाम खाली मान धरून होता, गाडी वरून पाय ओढत होती. किंकाळी ऐकू आली, तीही मला गर्दीचाच आवाज वाटली. गाडी चाकांवर आली, संतोष खिडकीतून निसटून चारीत पडला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. हायड्रावाल्याला शाबासकी.

मी उतरलो तेव्हा सुदाम चारीतून वर आला. हळू आवाजात म्हणाला, "नाथा, मी हायड्रा उभी कर म्हणलो." मी पट्टा सोडायला वळलो. अँब्युलन्स आली, संतोषला घेऊन गेली. जाताना त्याचे दोन्ही पाय मी बघत होतो. उघड्या पायाची बोटं आता हलत नव्हती.

हवालदारानं पंचनाम्याच्या वेळी विचारलं, "उचलताना काही झालं का?" मी म्हणालो, "न्हाई साहेब. गाडीनंच दाबला हुता त्याला." सुदाम शेजारीच उभा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनीही सांगितलं, कणा कमरेत मोडलाय, तो पलटीतच मोडला की नंतर, हे सांगता येणार नाही. ते ऐकून मला बरं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं बरं. मी एकदाच दवाखान्यात गेलो, वॉर्डाच्या दारातून त्याची बायको दिसली, त्याच्या पायाला तेल लावत बसलेली. तिथूनच माघारी फिरलो.

आणि मग मी ते केलं ज्याची मला जास्त लाज वाटते. आठवड्यानं यार्डात सगळ्या ऑपरेटरांना गोळा केलं आणि म्हणालो, "आजपासनं साइटवर 'उभी कर' ह्यो शब्द बंद. थांबवायचं आसंल तर 'बस' म्हणायचं. ज्याच्या तोंडातनं 'उभी' निघंल, त्यानं घरी जायचं." नियम चांगला होता. आजही आमच्या भागातले हायड्रावाले "बस! बस!" असंच ओरडतात, हे कुठून आलं ते त्यांना माहीत नाही. पण मी बोलत असताना सगळे सुदामकडं बघत होते. मीही त्याच्याकडंच बघत होतो. नियम मी बोलणाऱ्याच्या तोंडासाठी केला. ऐकणाऱ्याच्या कानासाठी केला नाही, सीटवरून न उतरणाऱ्यासाठी तर नाहीच.

सुदामनं हातमोजे काढून हायड्राच्या बोनेटवर ठेवले. "बरं," एवढंच म्हणाला. दोन महिने कामाला आला, मग येईनासा झाला. लेकीला चिंचवडला बँकेत नोकरी लागली होती, तिच्याकडं राहायला गेला म्हणून कळलं. मी फोन केला नाही. चूक त्याचीच आहे असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की फोन त्यानं करायला पाहिजे, असंच मला वाटायला लागलं.

तर हा लेख लिहायला घेतला आणि संपादकबाईंना म्हटलं, "थांबा. छापून येण्याआधी एका माणसाला तोंडानं सांगायचं राहिलंय." त्या पिकअपच्या मालकाकडून संतोषचा पत्ता काढला. चिंचवड गावठाणात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे म्हणाला. वाइंडिंग म्हटल्याबरोबर मला सुदाम आठवला.

दुकान एवढंसं. दाराला पायरीऐवजी फळी लावलेली, चाकाची खुर्ची वर चढावी म्हणून. संतोष त्या खुर्चीत बसून हँडल फिरवत तारेचे वेढे मोजत होता. वर न बघता म्हणाला, "या काका. मिक्सर हाय का पंपाची मोटर?"

"काहीच न्हाई. मी हायड्रावाला. निघोज्याचा."

त्याचा हात थांबला नाही. "वळखलं न्हाई मी. तवा तुमचं तोंड कुठं दिसायलं होतं? सुदामभाऊंचंच दिसायलं होतं, उलटं, वरून." मग म्हणाला, "त्यांनी सांगितलंय मला सगळं. दवाखान्यातच सांगितलं. म्हणले, संतोष, माझा शब्द चुकला, त्याच्यानं तुझं असं झालं. हे काम त्यांनीच शिकवलं मला. वरीसभर रोज यायचे. आजून बी रविवारी येतेत. तुमचं नाव कधीच घेतलं न्हाई त्यांनी."

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खुणेशिवाय उचललं ते. ठोकळे लावले नाहीत ते. खाली उतरलो नाही ते. हवालदाराला खोटं बोललो ते. "शब्द चुकला नव्हता," म्हणालो. "मीच चुकलो."

तो ऐकत होता, वेढे मोजत होता. मग एकदम विचारलं, "काका, येक इचारू? मला कमरंखालचं कायच आठवत न्हाई. माझे पाय हालत होते का? तुम्ही उचलायच्या आधी?"

हा प्रश्न तो विचारील हे मला ठाऊक होतं. चिंचवडपर्यंत येताना मी त्याचं उत्तरही ठरवलं होतं: "गडबडीत बघितलं न्हाई." सुदाम मानेशी होता, त्याला पाय दिसत नव्हते. ते मी एकट्यानंच पाहिलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर जगात कुणाला कधीच कळलं नसतं. पण समोर त्याचे पाय खुर्चीच्या पाट्यावर ठेवलेले होते, आणि त्यांत त्यानं चपला घातल्या होत्या. नीट, दोन्ही.

"हालत हुते," मी म्हणालो. "उघड्या पायाची बोटं हालत हुती. मी डोळ्यांनी बघितलं."

हँडल थांबलं. आत त्याची बायको भांडी घासत होती, तो आवाजही थांबला. मग तो तारेकडं बघत म्हणाला, "मोजायचं इसरलो बगा. आता पुन्ना एकपासून." पण हँडलला त्यानं हात लावला नाही.

"डॉक्टर म्हणले होते, सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "मी म्हणलं, गाडीनंच झालं असंल. नशीब. नशिबावर राग धरता येत न्हाई, म्हणून बरं चाललं होतं. आता तुम्ही आलाव."

मी हात जोडले. तो चिडला. "हात कामून जोडायलाव? माफ केलं म्हण, असं म्हणू नका मला. आज तर न्हाईच." मी हात खाली घेतले. अंकात लिहिण्याबद्दल विचारलं. तो जरा थांबून म्हणाला, "लिहा. नाव बदला माझं. पायाचं मात्र खरं लिहा. अन् आधी सुदामभाऊंकडं जा. माझ्याकडं मागून आला असता तरी चाललं असतं."

म्हणून संतोष हे त्याचं नाव नाही. पायाचं खरं आहे.

सुदामची सोसायटी तिथून चालत पंधरा मिनिटं. मला तासभर लागला. चौथ्या मजल्यावर बेल वाजवली आणि त्यानंच दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेले, डोळ्याला जाड चष्मा. त्यानं मला पाहिलं आणि दार पूर्ण उघडलं.

"सुदाम," मी म्हणालो, "त्याचे पाय हालत हुते. मला दिसत हुते. मी खाली उतरलो न्हाई. तुझ्या शब्दात काय बी चूक नव्हती रं. आन् मी यार्डात सगळ्यांच्या समोर तुला..."

वाक्य अर्धंच राहिलं, तरी मी काहीबाही बोलतच राहिलो. म्हाताऱ्या माणसानं दारात असं रडू नये, पण मी रडत होतो. समोरच्या फ्लॅटचं दारही उघडलं. तेव्हा सुदामनं उजवा हात खांद्यापर्यंत वर नेला आणि मूठ मिटली. माझं तोंड आपोआप बंद झालं.

तो बाजूला झाला आणि आतल्या खुर्चीकडं बोट करून म्हणाला, "उभा का ऱ्हायलास, नाथा? बस."

या खेपेला मी नीट ऐकलं.